वायगोळा

आमच्या लोणी भापकरांत माणूस हृदयविकारानें गेला असें म्हणण्याची चाल फार जुनी नाहीं. आमच्या लहानपणीं माणसें छातींत कळ येऊन जात, वायगोळा वर चढून जात, किंवा कांहींएक न होतां बसल्या बसल्या जात. बैल सोडून बांधावर टेकलेला गडी टेकलेलाच राहिला, तर त्याचे दिवस भरले होते एवढें निदान गांवास पुरे. दहाव्याच्या दिवशीं कावळा शिवला कीं मरणाच्या कारणाची चौकशीहि संपे. नीरेच्या कालव्यानें बारामती तालुक्याचा जो भाग हिरवा केला त्यांत आमचें गांव नाहीं. आम्ही जिरायत टापूंतले. पाऊस कां आला नाहीं याची चौकशी करण्यांतच तेथें माणसांचा इतका वेळ जातो कीं, माणूस कां गेला हें विचारावयास सवड उरत नाहीं.

आम्ही स्वतः पुण्याच्या एका महाविद्यालयांत गेलीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. इंग्रज कवींच्या हृदयाविषयीं आमचें ज्ञान परीक्षकांस पुरेल एवढें आहे. आमच्या स्वतःच्या हृदयाविषयीं तें गेल्या मे महिन्यापर्यंत जवळ जवळ शून्य होतें. सुटी लागली कीं चार आठवडे गांवीं जाऊन राहावें असा आमचा परिपाठ आहे. दादा, म्हणजे आमचे वडील बंधु, वारल्यास वीस वर्षांवर काळ लोटला. घर वहिनींनीं राखलें आहे आणि शेत पुतण्या पाहतो. आम्ही तेथें जाऊन सकाळीं मल्लिकार्जुनाच्या देवळापुढील पुष्करणीवर बसतों, तेथल्या यज्ञवराहाकडे पाहतों, आणि शहरांतल्या लोकांनीं खेड्यांत जाऊन जें जें करावयाचें असतें तें सर्व करतों, म्हणजे कांहींच करीत नाहीं.

त्या रात्रीं आमरस झाला होता. हें मुद्दाम नमूद करतों, कारण पुढील दोन तास आमच्या सर्व तर्कशास्त्राचा पाया हा आमरसच होता. पहाटे चारच्या सुमारास जाग आली ती छातीवर कोणी जात्याची तळी आणून ठेवावी तशा भारानें. कळ म्हणावी तर ती कळ नव्हती. सुरी, भाला, बाण हीं जीं हत्यारें कवि या स्थळीं वापरतात त्यांपैकीं एकहि तेथें नव्हतें. नुसतें ओझें होतें, आणि तें डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत उतरत होतें. अंगाला घाम सुटला होता. आम्हीं दिवा लावला, तांब्यांतलें पाणी घोट घोट घेतलें, ओवा चावला, येरझाऱ्या घातल्या आणि आमरसास दोष दिला. ओझें हातांत उतरलें तेव्हां कुशीवर निजल्यानें हात अवघडला असें ठरविलें. घाम आला तो वैशाखामुळें. एका दुखण्याचे तीन तुकडे करून प्रत्येकास निरनिराळें कारण देण्याची ही हातोटी शिक्षणावांचून येत नाहीं. शेजारचा अशिक्षित मनुष्य फार तर एक वायगोळा म्हणाला असता; आम्हीं तीन म्हटले. मासिकांतून लिहितांना आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणवीत आलों आहों खरे, पण त्या पहाटे आम्ही अगदीं एकटे होतों, आणि पलीकडच्या खोलींत निजलेल्या माणसांस उठविण्याची आम्हांस लाज वाटत होती. भीति वाटत होती असें लिहिलें असतें तर तें अधिक शोभलें असतें. पण खरी होती ती लाजच.

सहाच्या सुमारास वहिनी सडा घालावयास अंगणांत आल्या आणि ओसरीवर आम्हांस पाहून थबकल्या.

“भावजी, घाम का येवढा?”

“उकाडा आहे.”

“पहाटंचा कसला उकाडा? छातीत दुखतंय काय?”

“छातींत नाहीं. रात्रीं रस अंमळ जास्त झाला. वायु धरला आहे.”

वहिनींनीं हातांतली बादली खालीं ठेवली. “तुमच्या दादांनी बी वायगोळाच म्हनलं व्हतं,” एवढेंच त्या म्हणाल्या आणि त्यांनीं पुतण्यास हाक मारली.

दादांची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. सन २००१ चा श्रावण होता. बाजरीची खुरपणी चालली होती. दादांचें वय त्रेचाळीस. अंगानें सडपातळ, विडीचें व्यसन मात्र होतें. दुपारीं छातींत भरून आलें म्हणून ते लिंबाखालीं बसले, आणि सायंकाळपर्यंत बसूनच राहिले. मग कोणीतरी फटफटीवर घालून त्यांस एका बाजारगांवच्या दवाखान्यांत नेलें. तेथें वायूचें निदान झालें, एक सुई टोचली गेली, गोळ्यांची पुडी मिळाली, आणि दादा फटफटीवरूनच घरीं परत आले. रात्रीं जेवण नको म्हणाले. पहाटेस गेले. आम्ही पुण्याहून पोंचलों तेव्हां अंगणांत माणसें जमलीं होतीं आणि जो तो वायगोळ्याच्या गोष्टी सांगत होता.

त्या दवाखान्यास दोष देऊन आम्हीं बरींच वर्षें आपलें समाधान करून घेतलें. परंतु दुसरी एक गोष्ट अधिक बोंचते. हृदयाविषयीं आमच्या घरांत अगदींच अज्ञान होतें असें नव्हतें. दक्षिण आफ्रिकेंत बार्नार्ड यांनीं १९६७ च्या डिसेंबरांत एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें. त्यानंतर अडीच महिनेहि लोटले नाहींत तोंच, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयोग केला. रोगी तीन तासच जगला. पण जगांत ज्या मोजक्या ठिकाणीं तोंवर हें धाडस झालें होतें त्यांत मुंबईचें नांव लागलें. ही हकीकत आमचे वडील पारावर इतकी रंगवून सांगत कीं, हृदय काढून दुसरें बसवितां येतें हें दादांस लहानपणापासून ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, छाती भरून आली असतां अ‍ॅस्पिरिनची एक गोळी चावून खावी. रक्ताची गुठळी विरघळविणारें स्ट्रेप्टोकायनेज आणि ही क्षुद्र गोळी यांची परीक्षा करणारी एक मोठी चाचणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १७,१८७ रोगी होते. ज्यांस हीं दोन्हीं औषधें मिळालीं त्यांच्यांतील मृत्यु, ज्यांस एकहि मिळालें नाहीं त्यांच्या मानानें, सुमारें दोन पंचमांशांनीं कमी झाले. दादा वारले तेव्हां या गोष्टीस तेरा वर्षें झालीं होतीं. नव्या विद्येचा पराक्रम अडीच महिन्यांत समुद्र ओलांडतो आणि तिची साधी गोळी तेरा वर्षांत बांधावर पोंचत नाहीं, याचें कोडें आम्हांस अद्याप उलगडलें नाहीं.

पुतण्यानें गाडी काढली. येथें वाचकांपाशीं एक कबुली दिली पाहिजे. छातीवर तळी ठेवलेली असतां आम्हीं प्रथम दाढी करण्याची इच्छा प्रकट केली. ती धुडकावली गेल्यावर इस्तरीचा सदरा मागितला, आणि तो अंगांत चढेपर्यंत कोणाचें ऐकलें नाहीं. दुखता हात बाहींत जाईना. वहिनींनीं तो लहान मुलाचा घालावा तसा घातला.

गांवच्या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्या आवारांतच राहत असल्यामुळें पांच मिनिटांत आल्या. त्यांचा पहिला प्रश्न, “सर, कधीपासून होतंय?”

“अर्धा तास झाला असेल,” आम्ही म्हणालों.

“चारपासनं,” वहिनी दारांतून म्हणाल्या. “चारला दिवा लावला व्हता त्यांनी. मी जागीच व्हते.”

असत्य भाषणाबद्दल आम्हीं विद्यार्थ्यांस वेळोवेळीं बरेंच सुनावलें आहे. त्या क्षणीं आम्ही खोटें कां बोललों हें विचार करूनहि सांगतां येत नाहीं. उशीर केला हें कबूल करण्यापेक्षां तो झालाच नाहीं असें म्हणणें सोपें वाटलें असावें. डॉक्टरांच्या दृष्टीनें मात्र हा प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता. हृदयाच्या एखाद्या भागाचें रक्त बंद पडलें कीं पहिल्या अर्ध्या तासाच्या आंतबाहेर तेथले स्नायु कायमचे मरूं लागतात, आणि पुढें कित्येक तास तें मरण आंतून बाहेर पसरत जातें. गुठळी विरघळविण्याचें औषध पहिल्या एकदोन तासांत फार गुणकारी, पुढें उत्तरोत्तर कमी, बारा तासांनंतर बहुधा व्यर्थ. म्हणजे रोग्यानें सांगितलेली वेळ हीच औषधाच्या मात्रेइतकी महत्त्वाची. आणि ती आम्हीं खोटी सांगितली.

छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशा दहा तारा चिकटवून बाईंनीं आमच्या हृदयाचा आलेख काढला. यंत्र शाळकरी मुलाच्या दप्तराएवढें होतें. आंतून चौकटीच्या कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. बाईंनीं ती एकदां वाचली, भ्रमणध्वनीनें तिचें छायाचित्र घेतलें आणि बारामतीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडलें. चार मिनिटांत उत्तर आलें.

या यंत्राचा इतिहास आम्हीं नंतर रुग्णशय्येवर पडल्या पडल्या वाचला, आणि तो वाचून दवाखान्याच्या त्या लहान खोलीविषयींचा आमचा आदर दुणावला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी विजेची एक अति सूक्ष्म लाट शरीरांत पसरते. ती टिपण्याची युक्ति विलेम आइन्टोव्हन या डच शास्त्रज्ञानें काढली. हे गृहस्थ १८६० सालीं जावा बेटांत सेमारंग येथें जन्मले आणि पुढें हॉलंडांत लायडन येथें प्राध्यापक झाले. चांदीचा मुलामा दिलेला काचमण्याचा एक तंतु, डोळ्यांस दिसेल न दिसेल इतका बारीक, बलाढ्य लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्यें त्यांनीं ताणून धरला. हृदयाची लाट त्यांतून गेली कीं तो हाले आणि त्याची सावली सरकत्या काचेवर उमटे. त्या एका तंतूसाठीं उभारलेलें यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें होतें, दोन खोल्या अडवून बसलें होतें, आणि तें चालविण्यास पांच माणसें लागत. रोग्यानें दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचें.

आतां असलें अवजड यंत्र रुग्णालयांत नेतां येईना आणि अत्यवस्थ रोगी प्रयोगशाळेंत आणतां येईना. तेव्हां आइन्टोव्हन यांनीं १९०५ सालीं काय केलें, तर रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत, म्हणजे सुमारें दीड किलोमीटर, टेलिफोनच्या तारेनें रोग्याच्या हृदयाची लाट आणविली. रोगी तिकडे मिठाच्या पाण्यांत हात बुडवून बसलेला, आणि इकडे त्याचें हृदय काचेवर उमटत आहे! आलेखांतल्या चढउतारांस पी, क्यू, आर, एस, टी हीं जीं नांवें आमच्या डॉक्टरीणबाई उच्चारीत होत्या, तीं त्यांनींच ठेवलेलीं. १९२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. लोणी भापकरचा आलेख बारामतीस गेला तो याच दीड किलोमीटरच्या तारेचा वंशज. तार गेली आणि यंत्राचें वजन गेलें, एवढाच फरक. आमच्या पट्टीवर एस आणि टी यांच्या मधला भाग, जो सपाट रस्त्यासारखा असावयाचा, तो टेकाडासारखा वर उचलला गेला होता. आमरसानें हें होत नाहीं.

पुढच्या हकीकतीत आम्ही केवळ कर्म होतों, कर्ता नव्हे. अ‍ॅस्पिरिन चावावयास लावली, आणखी दोनतीन गोळ्या दिल्या, १०८ क्रमांकाची गाडी आली. महाराष्ट्रांत या गाड्या २०१४ पासून धांवूं लागल्या; दादांच्या वेळीं फटफटी होती. बारामतीच्या रुग्णालयांत पोंचतांच आमचें वजन विचारून त्या मानानें टेनेक्टेप्लेज नांवाच्या औषधाची एकच सुई शिरेंतून दिली. पूर्वीचें स्ट्रेप्टोकायनेज तासभर थेंब थेंब सोडावें लागे; हें एका दमांत जातें. आम्ही खाटेवर पडलेलों असतां डॉक्टर बाहेर पुतण्यास रोग समजावून देत होते, तें पडद्याआडून ऐकूं येत होतें.

“असं समजा, टेलला पाणी पोचत नाही. चारी आधीच गाळानं निम्मी भरलेली. आज त्यात वरनं ढेकूळ बसलं.”

“मग आता चारी काढायची?” पुतण्या.

“ढेकूळ विरघळायचं औषध दिलंय. पाणी चालू झालं तर झालं. गाळाचं पुण्याला बघतील.”

पुतण्याच्या सासुरवाडीची जमीन कालव्याच्या अगदीं शेवटच्या टोंकास आहे. टेलला पाणी न पोंचणें म्हणजे काय हें त्यास कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां अधिक चांगलें ठाऊक. “किती एकर जळलं?” असें त्यानें विचारलें, आणि डॉक्टरहि क्षणभर न हंसतां म्हणाले, “उद्या कळेल.” आम्हीं तीस वर्षें रूपकालंकार शिकविला, पण तो असा उपयोगी पडतांना प्रथमच पाहिला. केवळ एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ढेकूळ वरून वाहत येऊन बसतें असें बहुधा होत नाहीं. रोहिणीच्या भिंतींत सांचलेल्या मेदाच्या गाळावरचा पापुद्रा फुटतो आणि त्या जखमेवरच रक्त गोठून गुठळी होते.

दोन तासांत ओझें उतरलें आणि आलेखावरचें टेकाडहि खालीं बसलें. दुसऱ्या दिवशीं पुण्यास आमच्या मनगटांतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, रंगद्रव्य सोडून, क्ष-किरणांनीं रोहिण्यांचीं चित्रें घेतलीं. आम्ही जागे होतों आणि पडद्यावर आपलेंच हृदय पाहत होतों. हिवाळ्यांतल्या निष्पर्ण बाभळीसारखें तें दिसतें. हृदयांत नळी घालण्याचें धाडस प्रथम केलें तें १९२९ सालीं, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गांवीं, फोर्समान नांवाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरानें. आणि केलें तें स्वतःवर. वरिष्ठांची अनुज्ञा नसतां त्यानें कोपराच्या शिरेंतून नळी आंत सारली आणि तशीच घेऊन क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत तो चालत गेला. त्याची वाखाणणी होण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. तेव्हां दोघा सहकाऱ्यांसह नोबेल मिळालें. रोहिणींत फुगा नेऊन तो फुगवावा आणि गाळ भिंतीशीं दाबून वाट मोकळी करावी ही कल्पना ग्रुंट्झिग यांची. त्यांनीं झुरिक येथें स्वयंपाकघराच्या टेबलावर नळ्या चिकटवून फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजीं जिवंत मनुष्याच्या हृदयांतली रोहिणी उघडली. ती पुन्हां मिटूं नये म्हणून आंत ठेवावयाची जाळी, जिला स्टेंट म्हणतात, ती १९८६ सालची. हल्लींच्या जाळीवर औषधाचा लेप असतो. आमच्या छातींत आतां अशी एक जाळी आहे. ती मुळींच जाणवत नाहीं, हें सर्व विचारतात म्हणून सांगून टाकतों.

किंमतीचा प्रश्न पुतण्यानें काढला. आयुष्यांत एखाद्या वस्तूची किंमत कमी झालेली पाहण्याचा योग क्वचित् येतो. तो येथें आला. औषधी लेपाची जी जाळी लाखाच्या वर जात होती, तिची कमाल किंमत सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें २९,६०० रुपये ठरविली आणि साध्या जाळीची ७,२६०. शिवाय आपल्या राज्यांत महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवाची जन आरोग्य योजना आहे. २०१२ सालीं ती राजीव गांधी यांच्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. हीं दोन्हीं माहितीचीं कलमें पुतण्यानें आम्हांस सांगितलीं. आम्ही वर्तमानपत्र रोज वाचतों, पण तें परीक्षण वाचावें तसें, म्हणजे आपल्यास लागू नाहीं असें समजून.

रुग्णालयांत पडून राहण्याचे तीन दिवस मिळाले. त्यांत आम्हीं एक जमाखर्च मांडला. पहाटे चार पांचला ओझें सुरू झालें. सात वीसला सुई मिळाली. एकूण तीन तास पंधरा मिनिटें. त्यांत डॉक्टरीणबाईंचीं पांच, आलेखाचीं सहा, बारामतीच्या उत्तराचीं चार, आणि गाडीची वाट पाहणें, प्रवास व सुईची तयारी मिळून पाऊण तासाच्या आंत. सदऱ्याचीं सात. हें सगळें मिळूनहि सव्वा तास भरत नाहीं. उरलेले दोन तास ओसरीवर गेले, आणि ते ओवा चावण्यांत गेले. आइन्टोव्हनपासून टेनेक्टेप्लेजपर्यंत शंभर वर्षांच्या बुद्धिमत्तेनें जो काळ मिनिटामिनिटानें कमी केला, तो आम्हीं एका आमरसाच्या जोरावर परत वाढवून दिला. प्रतिध्वनीनें हृदयाची चित्रें घेतलीं तेव्हां तळाकडचा एक तुकडा सुस्त आढळला. तो पूर्ववत् होईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं असें डॉक्टर म्हणाले. “किती एकर” याचें उत्तर तें.

ज्ञान असलें म्हणजे माणूस वांचतो अशी आमची समजूत कधींच नव्हती. डॉ. नीतू मांडके यांनीं उघडलेल्या छात्यांची गणती नाहीं, आणि २००३ च्या मे महिन्यांत, वयाच्या ५५ व्या वर्षीं, ते हृदयविकाराच्याच झटक्यानें गेले. दुखणें कोणास विचारून येत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. दुखणें आलें असतां त्यास त्याच्या नांवानें हांक मारावयास आपली जीभ कां उचलत नाहीं? कांहीं दोष भाषेचाहि असावा. आपल्याकडे धैर्य छातींत असतें, गहिंवर उरांत असतो आणि माया काळजांत असते. पण खाटकाच्या दुकानीं काळीज मागितलें तर तो यकृत कापून देतो. ज्या अवयवाचें नांवच आपण शेजाऱ्याला देऊन टाकलें, त्याची कळ आपण पोटाच्या खात्यावर मांडतों यांत नवल नाहीं. वायगोळा हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यास डॉक्टर लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, आणि घरांतल्या माणसांची झोंप मोडावी लागत नाहीं.

गणपतींत आम्ही पुन्हां गांवीं गेलों. आतां डॉक्टरांच्या आज्ञेनें रोज चालावयाचें असतें, म्हणून सकाळीं पुष्करणीपर्यंत जाऊं लागलों. एके दिवशीं वहिनी देवाला म्हणून बरोबर निघाल्या. रस्ता मोठा नाहीं; तेवढ्यांत त्या दोनदां थांबल्या. एकदां पदर सांवरण्यासाठीं आणि एकदां कोणाच्या तरी म्हशीची चौकशी करण्यासाठीं. ती म्हैस गाभण आहे कीं नाहीं याचें वहिनींस कांहीं अगत्य असेल असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसेना. त्या तोंड उघडून श्वास घेत होत्या. तेव्हां आम्हांस एकदम आठवलें, कीं त्या मे महिन्याच्या पहाटे चार वाजतां त्या जाग्या होत्या. आमचा दिवा त्यांनीं पाहिला याबद्दल आम्हीं त्यांचे शंभरदां उपकार मानले होते. पण त्या वेळीं त्या जाग्या कां होत्या, हें चार महिन्यांत एकदांहि विचारलें नव्हतें.

घरीं येऊन सूनबाईंस विचारलें. त्या आधीं गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आत्याबाई चैतापासनं भितीला टेकून झोपत्यात. आडवं पडलं की दम लागतोय म्हंत्यात. सांगू नको म्हनल्या.”

वहिनींस दवाखान्यांत नेणें हें आम्हांस नेण्यापेक्षां कठीण गेलें. “मला काय धाड भरलीया? कामानं दमते मानूस,” हें पालुपद सकाळभर चाललें. अखेरीस, आमची तपासणी आहे, सोबत चला, असें सांगून नेलें. खोटें बोलण्याचा हा दुसरा प्रसंग. याची मात्र लाज वाटत नाहीं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीं यंत्र काढण्यापूर्वीं कानाला नळी लावली आणि वहिनींच्या छातीवर, मग बगलेकडे, मग पाठीवर, डोळे मिटून बराच वेळ ऐकलें. लाएनेक यांनीं १८१६ सालीं पॅरिस येथें कागदाची सुरळी करून एका स्त्रीच्या छातीवर ठेवली, तिचीच ही नात. बाईंच्या कपाळावर एक आठी पडली. हृदयांतल्या एका पडद्याचा आवाज बरोबर येत नाहीं, तो बहुधा नीट मिटत नसावा, बारामतीस जाऊन प्रतिध्वनीचें चित्र घेतल्यावांचून निश्चित सांगतां येणार नाहीं, असें त्या म्हणाल्या. मग वहिनींकडे वळून त्यांनीं विचारलें, “मावशी, कधीपासून होतंय?”

“ह्ये आत्ताच. दोन-चार दिस झालं.”

“चैत्रापासून,” आम्ही दारांतून म्हणालों.

वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. चाळीस वर्षांत त्या आमच्यावर कधीं रागावल्या नव्हत्या. येतांना गाडींत त्या एक शब्द बोलल्या नाहींत. घर आल्यावर उतरतां उतरतां त्यांनीं पुतण्यास एवढेंच विचारलें, कीं ज्वारीच्या पेरणीला वापसा कधीं येईल. पुतण्या म्हणाला, आठ दिवसांत.

“मग पेरनी झाल्यावर जाऊ.”

“सोमवारचा नंबर लावलाय,” पुतण्या म्हणाला.

आज शनिवार आहे. बियाण्याची ज्वारी वहिनींनीं सुपांत घेऊन निवडावयास घेतली आहे, आणि ओसरीवर भिंतीला टेकून त्या ती निवडीत आहेत. सोमवारीं येणार का, असें आम्हीं सकाळपासून दोनदां विचारलें. अद्याप उत्तर मिळालेलें नाहीं.